आंबट चिकन आणि त्यात लपलेली साखर

डायबेटिस निघाला की पहिली गदा येते ती घरातल्या चवीवर. तेल कमी, मीठ कमी, साखर बंद. ताटात पांढरंफटक उकडलेलं चिकन, शेजारी तशाच मुकाट पडलेल्या उकडलेल्या भाज्या. तीन दिवस माणूस निमूटपणे खातो. चौथ्या दिवशी फ्रीज उघडून सॉसची बाटली बाहेर काढतो. चिकन तर चालतं, मग त्यावर जरा काही आंबट-चटपटीत घातलं तर काय बिघडलं?

आमच्या घरी नेमकं हेच झालं. जेवणानंतरची साखर खाली येईना, तेव्हा संशय आधी भातावर गेला. भात निम्म्यावर आणला, तरी फारसा फरक पडेना. मग एकदा ती बार्बेक्यू सॉसची बाटली फिरवून मागचं लेबल वाचलं. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात, म्हणजे जे जास्त ते आधी. पहिलं नाव साखरेचं होतं, व्हिनेगर त्यानंतर. अशा सॉसच्या दोन मोठ्या चमच्यांत साधारण 12 ते 15 ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाचे तीन-साडेतीन चमचे. आणि चिकनवर ओतताना दोन चमच्यांवर कोण थांबतं?

मुख्य मुद्दा इथेच सांगून टाकतो. आंबट चिकनमध्ये चिकनचा दोष नसतो आणि आंबटाचाही नसतो. आंबटाला सांभाळून घ्यायला जी साखर सोबत येते, तिने घात होतो. ती बाहेर ठेवता आली, तर आंबट चिकन हे डायबेटिस असलेल्या माणसासाठी रात्रीच्या चांगल्या जेवणांपैकी एक आहे.

साखर गोड का लागत नाही

आंबट आणि गोड या चवी जिभेवर एकमेकींना दाबतात. लिंबाच्या सरबतात साखर घातली की आंबटपणा मवाळ होतो, हे सगळ्यांना माहीत असतं. उलटी बाजू मात्र लक्षात येत नाही: आंबटामुळे साखरही दबते. कोलाच्या 330 मिलीच्या कॅनमध्ये सुमारे 35 ग्रॅम साखर असते. तेवढीच साखर पेलाभर साध्या पाण्यात विरघळवून पिऊन बघा, तिसऱ्या घोटाला तोंड फिरवाल. कोला मात्र सहज उतरतो, कारण त्यात फॉस्फोरिक आम्ल असतं. टोमॅटो केचपचंही तसंच. एका मोठ्या चमच्याला साधारण 4 ग्रॅम साखर, तरी आपण त्याला गोड पदार्थ म्हणत नाही.

म्हणून आंबट सॉसच्या बाबतीत जिभेवर भरवसा ठेवता येत नाही. 'गोड नाहीये गं, आंबट आहे' या वाक्याला काही अर्थ नाही. लेबल वाचायचं, तेही 'एकूण साखर' आणि 'कर्बोदकं' या दोन ओळी. बाटलीच्या दर्शनी बाजूला 'साखर घातलेली नाही' असं ठळक छापलेलं असतं, तेव्हा तर जास्तच नीट वाचायचं. फळांच्या रसाचा अर्क किंवा माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पूड) घातलं, तरी रक्तातलं ग्लुकोज वाढायचं ते वाढतंच.

आणखी एक गैरसमज मधाचा. लेमन-हनी चिकन, हनी-मस्टर्ड चिकन या नावांत 'हनी' आलं की पदार्थ एकदम औषधी वाटायला लागतो. पण मध साखरेपेक्षा वजनाला जड असतो. एका मोठ्या चमच्यात साखर साडेबारा ग्रॅमच्या आसपास मावते, आणि तेवढ्याच चमच्यातल्या मधात सुमारे 17 ग्रॅम साखर असते. चमच्याला चमचा मोजलात तर मध जास्त महाग पडतो.

संत्र्याच्या रसात शिजवलेल्या चिकनचा हिशोबही असाच. कपभर रसात 20 ग्रॅमच्या वर साखर असते आणि आच देऊन रस आटवला की ती सगळी चिकनला चिकटते. संत्र्याचा वास हवा असेल तर सालीचा वरचा केशरी भाग किसून घाला. वास तिथेच असतो, साखर गरात असते.

चिकनचा स्वतःचा हिशोब

हा भाग सोपा आहे. साध्या चिकनमध्ये कर्बोदकं जवळजवळ शून्य. शिजवलेल्या, कातडी काढलेल्या छातीच्या 100 ग्रॅम मांसात सुमारे 31 ग्रॅम प्रथिनं आणि साडेतीन ग्रॅमच्या आसपास चरबी. मांडीच्या मांसात प्रथिनं थोडी कमी आणि चरबी साधारण 10-11 ग्रॅम. डायबेटिस म्हटलं की सगळे छातीचा तुकडा घ्यायला सांगतात. माझं मत थोडं वेगळं आहे. छातीचं मांस एक मिनिट जास्त राहिलं की कोरडं पडतं, आणि कोरडं चिकन घशाखाली उतरवायला माणूस पुन्हा सॉसच शोधतो. मांडीचं मांस कातडी काढून घेतलं तर थोडी चरबी वाढते खरी, पण चुकांना माफ करतं.

कर्बोदकं येतात ती वरून. मैद्याचं किंवा ब्रेडच्या चुऱ्याचं आवरण, रस दाट करायला लावलेलं कॉर्नफ्लोअर. मोठ्या चमचाभर कॉर्नफ्लोअरमध्ये 7 ग्रॅम कर्बोदकं. चार जणांच्या रस्स्यात एक चमचा म्हणजे काही मोठं पाप नाही, पण त्याच रस्स्यात साखर, वर आवरण आणि शेजारी भात असं सगळं एकत्र आलं की बेरीज चढते.

आंबटाचं शरीरात काय होतं

आता आंबटाची जमेची बाजू. पिठूळ पदार्थाचं पचन तोंडातच सुरू होतं. लाळेतलं अमायलेज नावाचं एन्झाइम स्टार्चचे तुकडे करायला लागतं आणि घास पोटात गेल्यावरही काही वेळ हे काम चालू राहतं. पोटातलं आम्ल घासात पुरतं मुरलं की ते थांबतं. घासाबरोबरच आंबट गेलं, तर हे एन्झाइम आधीच गप्प बसतं. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच प्रयोगात निरोगी माणसांना ब्रेडबरोबर कधी पाणी, कधी चहा, तर कधी लिंबाचा रस दिला. लिंबाच्या रसाबरोबर ग्लुकोजचा सरासरी उच्चांक सुमारे 30 टक्क्यांनी खाली आला आणि अर्ध्या तासाहून जास्त उशिरा आला. चहाने काही फरक पडला नाही.

ऐकायला फारच छान. पण तिथे पाण्याच्या जागी पाण्याइतकाच लिंबाचा रस प्यायला दिला होता. चिकनवर आपण पिळतो अर्धं लिंबू.

व्हिनेगरचंही असंच. त्यातलं ॲसेटिक आम्ल पोट रिकामं होण्याचा वेग कमी करतं, त्यामुळे ग्लुकोज रक्तात एकदम न येता हळूहळू येतं. अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत कॅरल जॉन्स्टन यांच्या गटाने 2004 मध्ये जेवणाआधी 20 ग्रॅम ॲपल सायडर व्हिनेगर पाण्यात मिसळून दिलं. ज्यांचं शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही पण अजून डायबेटिस झालेला नाही, त्यांच्यात चांगला फरक दिसला. ज्यांना टाइप 2 डायबेटिस होता त्यांच्यात तो कमी होता. म्हणजे आंबटाचा उपयोग आहे, पण तो औषधाच्या जागी उभा राहील इतका नाही. सकाळी उठून व्हिनेगरचे घोट घेणाऱ्यांचं मला नवल वाटतं. दाताचं इनॅमल जातं, घसा जळतो, आणि तोच चमचा रात्री सॅलडवर घातला असता तर जेवणही चवदार झालं असतं.

माझ्या मते आंबटाचा सगळ्यात मोठा फायदा वेगळाच आहे: ते मीठ आणि साखर दोन्हींची उणीव भरून काढतं. डायबेटिसबरोबर रक्तदाबही वाढलेला असणं अगदी नेहमीचं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे 2000 मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम खा म्हणते, आणि एका मोठ्या चमचा सोया सॉसमध्येच 900 मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं, म्हणजे दिवसाच्या मर्यादेचा जवळजवळ निम्मा वाटा. पदार्थ अळणी लागला तर मिठाकडे हात जाण्याआधी दोन थेंब लिंबू पिळून बघा. बऱ्याचदा मीठ लागतच नाही.

लिंबात रात्रभर मुरवू नका

ही चूक मी केली आहे. आदल्या रात्री दोन लिंबांचा रस चोळून चिकन फ्रीजमध्ये ठेवलं, खूप मुरलं की खूप चव लागेल या समजुतीने. सकाळी तुकडे बाहेरून पांढरे पडले होते, जणू अर्धे शिजलेलेच. पॅनमध्ये टाकल्यावर पाणी सुटलं, आणि खाताना वरचा थर पिठूळ, आतलं मांस चिवट.

कारण असं. मांसातली प्रथिनं म्हणजे गुंडाळलेले धागे. लिंबाच्या रसाचा पीएच 2 ते 2.5, म्हणजे चांगलंच तीव्र आम्ल. ते धागे उलगडतं. थोडे उलगडले तर मांस मऊ वाटतं, फार उलगडले तर ते एकमेकांत गुंततात आणि बाहेरचा थर लगदा होतो. शिवाय आम्ल मांसात फार खोल जात नाही, वरच्या काही मिलिमीटरमध्येच त्याचा खेळ. म्हणून लिंबू किंवा व्हिनेगर असेल तर अर्धा तास ते दोन तास पुरे. दह्याचा पीएच 4 ते 4.5, त्याचं लॅक्टिक आम्ल सौम्य, त्यामुळे दह्यात रात्रभर ठेवलं तरी चालतं.

मुरवण्याचा आणखी एक फायदा आहे, त्यासाठी जरा आडवळण घ्यावं लागेल. चिकन भाजताना ते तांबूस होतं, खमंग वास येतो. प्रथिनं आणि साखर यांच्यातल्या या प्रक्रियेचं वर्णन लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1912 मध्ये केलं. डायबेटिसवाल्यांच्या ओळखीचा, मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा एचबीएवनसी हा आकडा याच जातीच्या प्रक्रियेच्या पहिल्या पायरीतून येतो. रक्तातलं ग्लुकोज हिमोग्लोबिनला चिकटतं, फक्त तिथे आच नसते आणि काम आठवडेच्या आठवडे चालतं. भाजण्यात ही प्रक्रिया पुढे गेली की एजीई नावाची, शरीराला अपायकारक मानली जाणारी संयुगं तयार होतात. आम्लात ती मंदावते. गोमांसावरच्या एका प्रयोगात लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये तासभर ठेवलेल्या मांसात ही संयुगं निम्म्याहून कमी तयार झाली. खमंगपणा सोडा असं मी म्हणणार नाही. तांबूस होऊ द्या, काळं होऊ देऊ नका.

आता प्रत्यक्ष चुलीपाशी

चार जणांसाठी 600 ग्रॅम बिनहाडाचं, कातडी काढलेलं मांडीचं मांस. धुवायचं नाही. नळाखाली धरलं की कच्च्या चिकनवरचे जंतू शिंतोड्यांबरोबर ओट्यावर पसरतात. ते मरतात आचेवर, पाण्याने नाही. कागदाने टिपून घ्या. चार मोठे चमचे घट्ट साधं दही, एक मोठा चमचा तेल, ठेचलेल्या चार लसूण पाकळ्या, लहान चमचाभर मोहरीची पेस्ट, भरपूर मिरी, पाऊण लहान चमचा मीठ आणि एका लिंबाची किसलेली साल. साल किसताना फक्त पिवळा भाग घ्या, खालचा पांढरा कडू असतो. हे सगळं चिकनला चोळून किमान तासभर फ्रीजमध्ये ठेवा.

जाड बुडाच्या स्टीलच्या पॅनमध्ये चमचाभर तेल तापवा. साध्या ॲल्युमिनियमच्या किंवा लोखंडाच्या भांड्यात आंबट रस शिजवला की धातूची चव उतरते, म्हणून स्टील. चिकनचं जादा दही बोटाने निपटून तुकडे सुटे-सुटे मांडा. आता हात आवरायचा. चार मिनिटं हलवायचं नाही. तुकडा सहज सुटत नसेल तर तो अजून झालेला नाही; खालून तांबूस झाला की आपण होऊन पॅन सोडतो. दुसरी बाजूही अशीच करून तुकडे काढून ठेवा. आत अजून कच्चे असतील, असू द्या.

त्याच पॅनमध्ये दोन मध्यम कांदे पातळ चिरून घाला आणि मंद आचेवर पंधरा मिनिटं परता. या पदार्थाचा सगळा भार इथे आहे. घाई केलीत तर नंतर साखर घालावीशी वाटणार. कांदा आधी पारदर्शक होतो, मग त्याचं पाणी आटतं, मग कडा सोनेरी होतात आणि वासातला तिखटपणा जाऊन गोडसर वास येतो. आंबटाला जो गोडवा सोबतीला हवा असतो, तो हा. कांद्यातही साखर असतेच, पण दोन कांद्यांतली सगळी कर्बोदकं मिळून 20 ग्रॅमच्या आसपास, आणि ती चौघांत वाटली जाणार.

मग मोठा चमचाभर व्हिनेगर. ते पडताच चर्र आवाज येतो आणि नाकात झणका जातो, जरा मागे सरका. पॅनच्या तळाला चिकटलेलं तांबूस सगळं उलथन्याने खरवडून त्यात मिसळा, खरी चव त्यातच आहे. बारीक चिरलेले दोन टोमॅटो घाला, ते विरघळून रस दाट होईपर्यंत शिजवा. चिकनचे तुकडे आणि ताटलीत साचलेला रस परत पॅनमध्ये घालून झाकण ठेवा. आठ-दहा मिनिटांत शिजतं. थर्मामीटर असेल तर तुकड्याच्या मध्यभागी 74 अंश सेल्सिअस, नसेल तर सर्वांत जाड तुकडा कापून बघा, आत गुलाबी दिसता कामा नये.

गॅस बंद केल्यावर लिंबाचा रस. आधी घातला तर वास उडून जातो आणि क जीवनसत्त्वही घटतं. हिरव्या भाज्या बरोबर देणार असाल तर त्या वेगळ्या वाफवा आणि त्यांच्यावर लिंबू अगदी ताटात पिळा. आम्लात शिजलेल्या हिरव्या भाजीचं हरितद्रव्य बदलतं आणि ती मळकट, लष्करी गणवेशाच्या रंगाची दिसायला लागते.

चव बघताना आंबट बोचलंच तर चमचाभर दही घाला, थोडं तेल किंवा आणखी परतलेला कांदा घाला. तरीही कुणाला अर्धा लहान चमचा साखर हवीच असेल तर घालू द्या. 2 ग्रॅम साखर, चौघांत. त्यावरून घरात भांडण नको. एवढ्या चिकनमध्ये माणशी कर्बोदकं साधारण 8 ते 10 ग्रॅम आणि प्रथिनं 27-28 ग्रॅमच्या आसपास येतात.

कशाआधी काय खायचं

अमेरिकन डायबेटिस असोसिएशनची ताटाची पद्धत बऱ्याच जणांनी ऐकलेली असते: 9 इंची ताटली, निम्मी पिठूळ नसलेल्या भाज्यांनी भरलेली, पाव भाग प्रथिनांचा, पाव भाग भात, ब्रेड किंवा बटाटा यांचा. अर्धा कप शिजलेल्या भातात 22 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात, म्हणजे एका माणसाच्या वाट्याच्या चिकनपेक्षा दुपटीहून जास्त.

त्याहून रंजक आहे खाण्याचा क्रम. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल मेडिकल कॉलेजने 2015 मध्ये टाइप 2 डायबेटिसच्या, मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी घेणाऱ्या 11 जणांवर एक छोटा प्रयोग केला. जेवण होतं भाजलेलं चिकन, आंबट ड्रेसिंग घातलेलं सॅलड, ब्रोकोली, ब्रेड आणि संत्र्याचा रस. एकदा ब्रेड आणि रस आधी दिला, चिकन-भाज्या 15 मिनिटांनी. दुसऱ्यांदा उलट. पदार्थ तेच, प्रमाण तेच. चिकन आणि भाज्या आधी खाल्ल्या त्या दिवशी ग्लुकोज अर्ध्या तासाला सुमारे 29, एका तासाला 37 आणि दोन तासांना 17 टक्क्यांनी कमी भरलं. फक्त 11 माणसं आणि मोजकी जेवणं, म्हणून आकडे छातीठोकपणे धरू नयेत. पण यात खर्च काहीच नाही. आंबट सॅलड आणि चिकनचे चार घास आधी, भात मागून.

काही जणांनी मात्र सांभाळून. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल आणि एकदम भात कमी केलात, तर साखर 70 च्या खाली घसरू शकते. औषधाचा डोस जुन्या जेवणाला धरून ठरलेला असतो, त्यामुळे आधी डॉक्टरांशी बोला. घसरलीच तर त्या वेळी चिकन किंवा बिनसाखरेचं लिंबूपाणी उपयोगाचं नाही, साखर किंवा ग्लुकोजच हवं, साधारण 15 ग्रॅम. डायबेटिसमुळे ज्यांचं पोट आधीच हळू रिकामं होतं त्यांना व्हिनेगर आणखी त्रास देतं. मूत्रपिंडावर परिणाम झालेल्यांनी प्रथिनांचं प्रमाण विचारून ठरवावं.

मीटर घरात असेल तर हे जेवण आपल्याला मानवतं का, हे स्वतःच तपासता येतं. जेवणाआधी एकदा मोजा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी पुन्हा. शेवटच्या घासापासून नाही, इथे बरेच जण चुकतात. बहुतेक प्रौढांसाठी जेवणानंतर 180 च्या आत हे साधारण लक्ष्य धरतात, तुमचं वेगळं असू शकतं. एक दिवस भात आधी, एक दिवस चिकन आधी, बाकी सगळं तेच ठेवून.

उरलेलं चिकन दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवलं की तीन दिवस चांगलं राहतं. दुसऱ्या दिवशी त्याची चव उतरल्यासारखी वाटते, कारण लिंबाचा वास उडालेला असतो. वाफ येईपर्यंत नीट गरम करून त्यावर ताजं लिंबू पिळा. सॉसची बाटली फ्रीजच्या दारातच राहू द्या.